कराचा आकडा आणि कराचा वसूल

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमृतमहोत्सवाच्या मंडपात उभे राहून कराविषयी बोलणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत एरंडेलाचे गुण सांगण्यासारखे आहे, याची आम्हांस कल्पना आहे. चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा तो ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "काका, जरा हलके करून बोला." तसा प्रयत्न करू. परंतु हा विषय आपल्या संस्थेशी वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे, आणि पुढल्या सर्वसाधारण सभेपुढे जो एक प्रस्ताव यावयाचा आहे त्याचे मूळही याच विषयात आहे. म्हणून आज तो काढण्याचे धाडस केले.

वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो की धनिकांवर जबर कर बसविला तर त्यांचा उद्योगाचा हुरूप मावळतो, भांडवल साठत नाही, कारखाने निघत नाहीत, आणि शेवटी रोजगार जातो तो गरिबाचाच. दुसरा पक्ष म्हणतो की ज्याच्या घरी धन साठले आहे त्याच्याकडून घेतले नाही तर शाळा, दवाखाने, रस्ते, कालवे निघणार कशातून? आणि हे नसतील तर त्या धनिकाचा कारखाना तरी चालणार कसा? दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली की हा वाद आपल्या घराघरांतून होतो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजू आपापल्या जागी अधिकच पक्क्या होऊन उठतात. आम्ही आयुष्याची पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या करपत्रकांत घालविली. त्यातून एवढेच समजले की हे दोन्ही पक्ष ज्याविषयी भांडतात तो कायद्यात छापलेला आकडा; आणि छापलेला आकडा व तिजोरीत आलेला वसूल यांचे नाते फार पातळ असते.

हा प्रयोग आपल्या देशाने स्वतःच्या अंगावर करून पाहिला आहे, तेव्हा दुसऱ्या मुलखाचा दाखला शोधण्यापूर्वी आपलीच वही उघडू. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली मृत्युकर आला. मनुष्य वारल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीवर हा कर. त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. पुढे १९५६ च्या आरंभी केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि त्यांनी आपल्या करपद्धतीवर एक अहवाल लिहिला. त्यांचे म्हणणे मोठे मजेदार होते. केवळ उत्पन्नावर कर लावाल तर धनिक मनुष्य ते उत्पन्न लपवील; म्हणून त्याच्या संपत्तीवर लावा, खर्चावर लावा, बक्षिसांवर लावा, मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्यावरही लावा, म्हणजे एका दारातून निसटलेला मनुष्य दुसऱ्या दारात सापडेल. परंतु इतकी दारे बसविल्यावर प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर मात्र ४५ टक्क्यांवर ठेवू नका, हेही त्यांनी बजावले होते.

आपण काय केले? दारे बसविली. १९५७ साली संपत्तिकर आणि खर्चकर, १९५८ साली बक्षीसकर. सल्ल्याचा दुसरा भाग मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. वैद्याने औषध आणि पथ्य दोन्ही सांगावे आणि रोग्याने औषध तिप्पट घेऊन पथ्य सोडावे, तसे झाले. खर्चकर तर इतका अवघड ठरला की १९६२ साली तो काढला, १९६४ साली पुन्हा आणला आणि १९६६ साली कायमचा पुरला. एखाद्या कुटुंबाने वर्षभरात लग्नात, मोटारीत, प्रवासात काय उडविले हे सरकारी कचेरीत बसून मोजणे ही काही सोपी गोष्ट नव्हे.

प्राप्तिकराचा दर मात्र चढतच राहिला. १९७१-७२ साली दोन लाखांवरील उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार, मिळून ९७.७५ टक्के, असा तो शिगेला पोहोचला. म्हणजे दोन लाखांच्या वर मिळविलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतून मिळविणाऱ्याच्या हाती राहणार सव्वादोन रुपये. संपत्तिकर याहून निराळा. मृत्युकराचा वरचा टप्पाही ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. त्या वेळी अर्थखाते होते यशवंतराव चव्हाणांकडे. आपल्या दोन थोर मराठी माणसांची नावे या प्रकरणात येतात म्हणून काही आम्ही ते झाकून ठेवणार नाही. उलट चव्हाणांविषयी पुढे जे सांगायचे आहे ते त्यांच्या मोठेपणाचेच आहे.

आता येथे थोडे थांबून आपल्या संस्थेची एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. आज सभेत बसलेल्यांपैकी तीन-चार वडीलधाऱ्यांना ती ठाऊक आहे. इतरांना नाही, कारण ती कोणत्याही अहवालात छापलेली नाही.

साल १९७२. आम्ही नुकतेच पदवीधर होऊन एका करसल्लागाराच्या कचेरीत उमेदवारी करीत होतो, आणि संध्याकाळी संस्थेची कीर्द लिहीत होतो. महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात शिकायला येणाऱ्या मुलांना आपले वसतिगृह पुरेनासे झाले होते. वर आणखी दोन खोल्या चढवायच्या असे ठरले होते. खर्चाचा अंदाज वीस हजारांच्या घरात होता आणि शिल्लक मात्र चार आकड्यांत. अशा वेळी एक उद्योगी गृहस्थ भेटीस आले. त्यांचा आपल्या संस्थेवर लोभ होता, आणि तो खोटा नव्हता. ते म्हणाले, "वीस हजारांचा धनादेश देतो. पावती वीसची द्या. दहा हजार मला रोख परत करा. तुमची एक खोली तर उद्याच उभी राहील."

विश्वस्तांची बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली. मुलांना शेजारच्या घरांच्या पडव्यांत झोपावे लागत होते. खोली तर हवीच होती. एक विश्वस्त म्हणाले, "आपण चोरी कुठे करतो? तो त्याचा आणि सरकारचा प्रश्न." खजिनदार – त्यांना सारेच नाना म्हणत – इतका वेळ बोलले नव्हते. ते म्हणाले, "नोटा परत द्यायच्या, म्हणजे वहीत दहा हजारांचा खर्च पडलाच पाहिजे. विटा आल्या नाहीत तरी विटांचे बिल लागेल. ते बिल मी कोणाकडून आणू, एवढे मला सांगा." एका मताने देणगी नाकारली गेली.

आमचे त्या वेळचे मत, खरे सांगायचे तर, पैसे घ्यावेत असेच होते. आम्हांला मत नव्हते, म्हणून ते मोजले गेले नाही, इतकेच. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून आम्ही सहज ढोबळ हिशेब मांडला. वीस हजारांच्या देणगीच्या निम्म्या रकमेची, म्हणजे दहा हजारांची, उत्पन्नातून वजावट धरली आणि वरच्या टप्प्याचा दर लावला, तर त्या गृहस्थांचा कर वाचत होता ९,७७५ रुपये. दहा हजार रोख परत. खिशातून खरोखर जाणार होते ते अवघे २२५ रुपये! आपली खोली उभी राहणार होती ती त्यांच्या पैशाने नव्हेच, तर सरकारी तिजोरीच्या पैशाने. आणि भिंतीवरील संगमरवरी पाटीवर नाव मात्र त्यांचे लागणार होते. वर दहा हजारांच्या नोटा कोणत्याही वहीत नसलेल्या, त्या निराळ्याच.

त्या गृहस्थांना आम्ही आजही चोर म्हणणार नाही. शेवटच्या शंभरातील सव्वादोन रुपयेच ज्याच्या हाती राहतात, त्याला सरळ मार्गाने चालण्याचे कारण कायद्याने कोणते ठेवले होते? असा दर म्हणजे उंच भिंत नव्हे. ती भिंतीवर काढलेली भिंत असते. ती पाहून सरळ मनुष्य परत फिरतो आणि ज्याला खरे ठाऊक आहे तो चालत पार जातो. त्या काळात आमच्या कचेरीत जी अक्कल खर्च होत असे तिचा आज विचार केला की विषाद वाटतो. एका उत्पन्नाचे पाच हिस्से कसे करावेत, पत्नीच्या नावे पेढी कशी काढावी, शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही म्हणून शहरातील नफा ऊस-केळीच्या पिकात कसा दाखवावा, अशा कामांत हुशार माणसे दिवसरात्र गुंतलेली. त्यांनी तीच हुशारी नवे यंत्र बसविण्यात घातली असती तर? देशाच्या भरभराटीला जबर दराने जो खरा फटका बसला तो येथे बसला असे आमचे मत आहे. धनिकांनी उद्योग करणे सोडले नाही. त्यांच्या उद्योगाची जागा बदलली.

न्यायमूर्ती वांछूंच्या समितीने डिसेंबर १९७१ मध्ये दिलेल्या अहवालात हेच दुखणे दाखविले होते आणि वरचा दर ७५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा असे सुचविले होते. ज्या चव्हाणांच्या कारकिर्दीत दर ९७.७५ झाला त्याच चव्हाणांनी १९७४ च्या अंदाजपत्रकात तो ७७ वर आणला. आपण चढविलेले ओझे आपल्याच हाताने उतरविण्याचे धैर्य राज्यकर्त्यांत विरळा दिसते. पुढे १९७६ साली दर ६६ झाला. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंहांनी ५० केला आणि त्याच अंदाजपत्रकात मृत्युकरही काढून टाकला. त्या कराचा वसूल सगळ्या देशातून जेमतेम वीस कोटींचा, आणि तो गोळा करण्याचा खटाटोप मोठा, असे त्यांनी संसदेत सांगितले. ८५ टक्क्यांचा आकडा आणि वीस कोटींचा वसूल! १९९७ साली चिदंबरम यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ३० टक्क्यांवर आणला. आणि २००७-०८ साली असे झाले की केंद्राच्या करउत्पन्नात प्राप्तिकरासारख्या प्रत्यक्ष करांचा वाटा जकात-अबकारीसारख्या अप्रत्यक्ष करांहून जास्त भरला. दर उतरला आणि वसूल चढला.

येथे एका बाजूचे लोक टाळ्या वाजवितील. पण त्यांनी थोडे थांबावे.

दर कमी केला म्हणून वसूल वाढला, एवढीच ही गोष्ट नाही. १९८५ साली दर उतरला त्याच काळात छापेही जोरात पडले, मोठमोठ्या नावांच्या दारांवर पडले. पुढे मुळावर करकपात आली, बँकांचे व्यवहार कचेरीला दिसू लागले, पगारदारांची संख्या वाढली. कोणत्या कारणाचे श्रेय किती, हे रुपये-आणे-पै करून सांगणारा मनुष्य आम्हांला भेटलेला नाही. देशाच्या वाढीचेही तसेच. १९५० ते १९८० या तीस वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढले. पुढल्या दशकात ते पाच टक्क्यांवर गेले. परंतु ही चाल १९८० च्या सुमारास बदलली, आणि दर निम्म्यावर आला तो १९८५ साली. शिवाय त्या मंद तीस वर्षांत परवाने होते, आयातीवर बंधने होती, तीन युद्धे आणि दुष्काळ होते. साऱ्याचे खापर एकट्या कराच्या माथी फोडणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

आणि दूर कशाला जायचे? आपल्या बडोद्याकडेच पाहा. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. राज्याच्या खत कारखान्यात १९६७ साली उत्पादन सुरू झाले. पेट्रोरसायनांचे सरकारी महामंडळ १९६९ साली निघाले आणि १९७३ च्या सुमारास त्याचे पहिले कारखाने चालू झाले. ही सारी वर्षे जबर दरांची. आपल्यातील किती घरांची चूल या तीन दरवाजांच्या पगारावर पेटली, हे या मंडपात हात वर करावयास सांगितले तर दिसेल. रत्नागिरीहून, जळगावहून आलेली मुले आपल्या वसतिगृहात राहून अभियंते झाली आणि सायकलवरून त्या दरवाजांतून आत गेली. ते कारखाने कोणाच्या हुरुपाने निघाले नाहीत; त्यांत सार्वजनिक पैसा होता. कर आणि भरभराट यांचे वैर असते तर निदान या शहरात ते दिसायला हवे होते.

त्याही मागे जायचे तर सयाजीराव महाराजांच्या अमदानीत निरनिराळ्या धंद्यांवर आणि जातींवर बसलेले जुने वेरे काढून त्यांच्या जागी प्राप्तिकराची पद्धत आणली गेली, आणि १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. कुंभाराचा वेरा गेला आणि कुंभाराचा मुलगा शाळेत गेला. कराचा विचार करताना आम्हांला हे चित्र फार आवडते. घेतला कोणाकडून हा अर्धा प्रश्न. गेला कोठे हा उरलेला अर्धा.

परदेशांविषयी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९५० नंतरची कित्येक वर्षे वरचा दर ९१ टक्के होता आणि तो काळ तेथील भरभराटीचाच समजला जातो. मात्र सवलतींच्या वाटांनी ९१ टक्के प्रत्यक्षात देणारा विरळाच. १९९३ साली तेथे दर ३१ वरून ३९.६ झाला आणि पुढली वर्षे चांगली गेली. उलट कान्सास संस्थानाने २०१२ साली कर खूप उतरविले. त्यातून भरभराट उसळेल अशी ग्वाही होती. तिजोरीत खड्डा पडला, शाळांचे हाल झाले, आणि २०१७ साली तेथील विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार बाजूला सारून ती कपात मागे घेतली. नॉर्वेने २०२२ साली संपत्तिकर थोडा वाढविला तेव्हा काही धनाढ्य मंडळी स्वित्झर्लंडला राहायला गेली, हेही खरे. ज्याला जे हवे त्याला ते परदेशांच्या दुकानात मिळते.

आता आजचे. २०१९ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने कंपन्यांचा कर, सवलती सोडणाऱ्यांसाठी, ३० वरून २२ टक्क्यांवर आणला; नव्या कारखान्यांसाठी १५ वर. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. हेतू असा की सुटलेला पैसा कारखान्यांत जाईल आणि हातांना काम मिळेल. पुढे काय झाले? सरकारच्याच २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत लिहिले आहे की २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. पण नोकरभरती आणि पगार त्या मानाने वाढले नाहीत. विरोधकांच्या पत्रकातील हे वाक्य असते तर आम्ही ते येथे सांगितले नसते. २०२३-२४ साली तर व्यक्तींनी भरलेला प्राप्तिकर कंपन्यांच्या करापेक्षा जास्त भरला. म्हणजे पगारातून महिन्याच्या महिन्याला कापला जाणारा कारकून, शिक्षक, अभियंता हे कंपन्यांच्या पुढे गेले. आणि दुकानात साबणाची वडी घेणारी मोलकरीण व तिची मालकीण दोघीही वडीमागे सारखाच वस्तू व सेवा कर देतात, हे तर आहेच.

पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली हिशेब मांडला की २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातील २२.६ टक्के आणि संपत्तीतील ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे आहे. या आकड्यांवर वाद आहेत, व्हावेतही. पण संपत्तिकराचे आपण काय केले ते पाहा. १९९२ नंतर तो घरे, दागिने, मोटारी अशा वस्तूंपुरता उरला. शेअर त्यातून सुटले. म्हणजे जेथे मोठे धन असते तेच सुटले. २०१३-१४ साली सगळ्या देशातून १,००८ कोटी वसूल झाले, आणि २०१५ च्या अंदाजपत्रकात अरुण जेटलींनी तो कर काढून त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला. २०१९ साली अधिभार वाढून पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा वरचा दर ४२.७४ टक्के झाला. २०२३ साली नव्या करपद्धतीत तो ३९ वर आला. काल्डोर यांनी सत्तर वर्षांपूर्वी सांगितलेल्या ४५ च्या आसपासच आपण फिरून आलो आहोत. फक्त त्यांनी सांगितलेली बाकीची बहुतेक दारे आता भिंतीत नाहीत.

आमचे मत विचाराल तर पुन्हा नव्वदीतील दर आणण्याला आम्ही कडवा विरोध करू, कारण त्याने काय होते ते आम्ही कीर्दीत पाहिले आहे. पण आई-वडिलांकडून आयत्या आलेल्या फार मोठ्या इस्टेटीवर आज या देशात एक रुपयाही मृत्युकर नाही, हे योग्य आहे असे आम्हांला कोणी पटवून दिलेले नाही. १९८५ साली तो कर काढताना वसूल थोडा आहे हे कारण दिले गेले. वसूल थोडा होता तो कायद्यात फटी होत्या म्हणून. गळक्या हंड्यात पाणी राहत नाही म्हणून विहीर बुजवायची काय? मध्यम स्थितीतील घराला हात न लावणारा, मर्यादा उंच ठेवलेला, दर सौम्य असलेला आणि पळवाटा नसलेला असा कर बसविता येईल. त्याने एकही कारखाना बंद पडणार नाही, कारण तो कारखाना काढणारा मनुष्य तेव्हा हयात नसेल. आमचे काही अशील आज समोर बसले आहेत. ते यावर रागावतील, आणि चहाच्या वेळी भांडतीलही. भांडावे.

आता आपल्या संस्थेकडे वळू.

ज्याला आपण सारे '८० जी'ची पावती म्हणतो, तिचा अर्थ असा की देणगीदाराने दिलेल्या रकमेतील काही भाग खरोखर सरकारी तिजोरी सोसत असते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातील मनुष्याने जुन्या करपद्धतीत आपल्याला दहा हजार दिले आणि निम्म्याची वजावट घेतली, तर अधिभार-उपकर बाजूला ठेवून दीड हजार रुपये देशाने दिले. संस्थेच्या उत्पन्नावर कर नाही, तीही देशाने दिलेली देणगीच. धनिकांना सवलती कशाला, असे आपण म्हणतो तेव्हा आपणही त्याच पंगतीत बसलेले असतो. १९७२ साली नानांनी ते एका वाक्यात ओळखले होते. आम्हांला हिशेब मांडावा लागला.

हल्ली दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही, देणगीदारांची यादी कचेरीला कळवावी लागते, आणि नवी करपद्धती घेणाऱ्याला तर या पावतीचा उपयोगच नाही. गेल्या वर्षी कार्यकारी मंडळात काळजी व्यक्त झाली की आता देणग्या आटतील. काही आटल्याही. पण काही मंडळींनी पावती घेताना हसून सांगितले, "आता तिचा काही फायदा नाही, तरी असू द्या." ती रक्कम पूर्णपणे त्यांचीच होती. अशा रुपयाला आम्ही फार मान देतो.

आणखी एक गोष्ट. एखाद्या धर्माच्या किंवा जातीच्याच लाभासाठी काढलेल्या संस्थेला अशी पावती देता येत नाही. आपल्या घटनेत शब्द आहेत 'मराठी भाषिक विद्यार्थी'. १९५० साली ज्यांनी ती लिहिली त्यांनी जातीचा शब्द घातला नाही, म्हणून आपण वाचलो. त्यांच्या मनात कर नव्हता. वसतिगृहात कोणाला परत पाठवायचे नाही, हे होते. परंतु भाषेचा शब्द त्यांनी घातला, कारण त्या वेळी दारात उभी असलेली मुले मराठी होती. आज ती मुले कमी येतात. पुण्या-नाशिकला महाविद्यालये झाली. आणि छोटाउदेपूर, डांगकडून येणारी मुले बसस्थानकाजवळ दहा-दहा जण एका खोलीत राहतात.

त्या दोन खोल्या शेवटी १९७८ साली बांधल्या, हे नव्या सभासदांना सांगितले पाहिजे. एकावन्न आणि एकशे एक रुपयांच्या वर्गण्यांवर, सहा वर्षे उशिरा. त्यांवर कोणाच्या नावाची पाटी नाही. जून महिन्यापासून त्या दोन्ही खोल्या भाषा न विचारता द्याव्यात, असा आमचा प्रस्ताव सभेपुढे येणार आहे. त्याला विरोध आहे हे आम्हांस ठाऊक आहे, आणि विरोध करणारे आमचे वडीलधारे आहेत. पैकी एक तर त्या रात्री साडेअकरापर्यंत आमच्या शेजारी बसले होते. घटनेत दुरुस्ती लागेल, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल, सहा-आठ महिने जातील. १९७२ ची कीर्द आम्ही कपाटातून काढून कचेरीच्या मेजावर ठेवली आहे. सभेपूर्वी ज्यांना पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. अक्षर आमचे आहे, पण वाचता येते.